रुक्मिणीचे पत्र आणि मुलींची पोथी

उपवर मुलीचे लग्न लवकर जमावे म्हणून तिच्याकडून एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'ची पारायणे करून घेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि ती अद्याप सर्वस्वी लोपलेली नाही. पोथीत आहे काय, याचा विचार मात्र पारायण सांगणारी वडील मंडळी क्वचितच करतात. भावाने ठरविलेला वर नाकारून, स्वतः पसंत केलेल्या पुरुषास पत्र धाडणाऱ्या राजकन्येची ती कथा आहे. कथा मुलीने वाचायची, वर मात्र इतरांनी पाहायचा!

कथा आपल्याच प्रदेशाची. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे विदर्भाधिपती भीष्मकाचे नगर मानले जाते. तेथून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीस पंढरपुरी जाते. भागवताच्या दशम स्कंधातील तिचे पत्र सात श्लोकांचे आहे. भक्तीचा नमुना म्हणून ते गौरविले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु त्यातील व्यवहारबुद्धीकडे आपले लक्ष जात नाही. अंतःपुरातून आपणास नेऊ गेल्यास आप्तांचा वध करावा लागेल, हे ती जाणते आणि तोडगाही तीच सुचविते. विवाहाच्या आदल्या दिवशी वधू कुलदेवतेच्या दर्शनास नगराबाहेर जाते, तेथे यावे. दिवस तिचा, स्थळ तिचे, योजना तिची. रथ तेवढा कृष्णाचा! स्मृतिकारांनी ज्यास राक्षसविवाह म्हटले, त्या विधीचे नावही ती स्वतःच घेते. कन्येला बळाने पळवून नेण्याचा प्रकार तिने आपल्या संमतीचे साधन करून टाकला. पुढे पाठलाग करणाऱ्या भावाच्या प्राणांसाठी रदबदली करावी लागली, तीही तिलाच.

या कथेत राजसभा भरत नाही, वरमाला घेऊन कोणी फिरत नाही. तरीही यादवकाळात नरेंद्राने आणि १५७१ मध्ये काशीत एकनाथांनी आपल्या ग्रंथास 'स्वयंवर' हेच नाव दिले. सामराजाने 'हरण' म्हटले खरे. पण घरोघरी पोचले ते स्वयंवरच. हरणाचा कर्ता पुरुष असतो, स्वयंवराची कर्ती स्त्री. एकनाथांनी या विवाहात जीवशिवाचे ऐक्य पाहिले. तो अर्थ थोरच. मात्र त्याच्या आडोशाने मुलीच्या निवडीचा प्रश्न टाळण्याची सोय आपण करून घेतली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नरेंद्राच्याही आधी ही कथा मराठीत गायिली ती महदाइसेने. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने तिने 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात गावयाची गीते. आणि गाणारी होती बालविधवा! जिने मंगलकार्यात पुढे येऊ नये असा लोकाचार, तिच्या मुखातून मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य लग्नगीत म्हणून उमटले. चक्रधरांना खोदून खोदून प्रश्न विचारणारी हीच महदाइसा लीळाचरित्रात भेटते. त्या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध करणारे डॉ. वि. भि. कोलते आपल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या नागपुरात तरी महदाइसा परीक्षेतील टीपेपुरती उरू नये.

मध्ययुगाने स्त्रीस सत्ता दिली, असा याचा अर्थ नव्हे. राजकन्येला जे साधले ते कुणब्याच्या लेकीला साधले असते, असे कोण म्हणेल? आजही, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक नाही, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयास स्पष्ट करावे लागले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये नियोजित विवाहाची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते आणि ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाते. रुक्मीस एवढा अवधी मिळता, तर कृष्णाचा रथ विदर्भाच्या सीमेवरच अडला असता!

ज्या घरी ही पोथी अद्याप वाचली जाते, तेथे पत्राचा प्रसंग मुलीस अर्थासह वाचू द्यावा. आणि ऐकावयास तिच्या भावासही बसवावे.