अर्धा दिवस स्पॅनिशचा

आपल्याकडील मराठी कुटुंबांत एक प्रश्न वारंवार कानी पडतो : मुलांना प्रांताची भाषा शिकावी लागते, इंग्रजी शिकावी लागते, त्यावर मराठीचे ओझे आणखी कशाला? यावर उपदेश करण्याऐवजी अमेरिकेतील दोन शाळांची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते. दोन्ही ठिकाणी प्रश्न लहान मुलांच्या स्पॅनिशचा होता.

पहिली ब्लॅकवेल स्कूल, टेक्सास राज्यातील मार्फा या लहानशा गावची. मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी ती वेगळी ठेवलेली होती. घरी स्पॅनिश आणि शाळेत तीच बोलल्याबद्दल शिक्षा, अशी तेथील रीत. १९५४ साली तेथे एक अजब अंत्यविधी पार पडला. मुलांकडून चिठ्ठ्या लिहवून घेतल्या, त्या एका पेटीत घातल्या आणि ती पेटी ‘मिस्टर स्पॅनिश’ म्हणून पुरण्यात आली. आईने ज्या भाषेत अंगाई म्हटली तिलाच मूठमाती देताना त्या कोवळ्या मनांना काय वाटले असेल? ही शाळा १९६५ साली बंद झाली. २०२२ साली कायदा करून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान देण्यात आला.

दुसरी शाळा मायामीतील कोरल वे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातील असंख्य कुटुंबे त्या शहरी आली. सप्टेंबर १९६३ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, या सरकारी शाळेत पहिल्या तीन इयत्तांपासून एक प्रयोग सुरू झाला : अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश. मूल एखादा विषय प्रथम आपल्या भाषेत शिके. तोच पुढे दुसऱ्या भाषेत पक्का केला जाई. चित्रकला, संगीत व खेळ यांत दोन्हीकडची मुले एकत्र असत. क्यूबातून आलेल्या शिक्षिकांनाही येथे काम मिळाले. विशेष म्हणजे, स्पॅनिश केवळ निर्वासितांची राहिली नाही. इंग्रजी घरांतील मुलेही ती शिकू लागली. शेजारचे मूल आपली भाषा आवडीने शिकते आहे, हे पाहून कोणत्या मुलाला तिची लाज वाटेल?

मार्ग निष्कंटक नव्हता. १९८० साली त्याच परगण्यात इंग्रजीखेरीज अन्य भाषांवर सरकारी पैसा खर्चू नये, असा नियम मतदारांनी केला. तो १९९३ साली रद्द झाला. कोरल वेची द्विभाषिक परंपरा मात्र टिकून राहिली.

स्पॅनिश शिकणाऱ्या मुलाला शब्दांबरोबर चालीरीतीही मिळतात. मित्राला ‘तू’ आणि वडीलधाऱ्यांना ‘उस्तेद’ म्हणावे, हे ते शिकते. आडनावे दोन, एक वडिलांकडचे व एक आईकडचे, हेही त्याला कळते. पोर्तो रिकोत ६ जानेवारीच्या आदल्या रात्री मुले तीन राजांच्या उंटांसाठी खोक्यात गवत भरून ठेवतात. मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरला पितरांसाठी त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडून झेंडूची फुले वाहतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिकडचाच! अशा गोष्टींतून भाषा मुलाच्या अंगवळणी पडते. नुसत्या पाठांतराने ती परकीच राहते.

आपल्यासाठी शाळा अर्धा दिवस देणार नाही, हे उघड आहे. परंतु कोरल वेने जे तीन आधार दिले, म्हणजे ठरलेला वेळ, सोबती आणि मान, ते घरीही देता येतात. रोजचा अर्धा तास मराठीचा ठरवावा. आठवड्यातून एकदा चार घरांतील मुले एकत्र खेळवावीत. शाळेतला भूगोल किंवा गणित मुलाकडून मराठीत ऐकावे, म्हणजे ही भाषा केवळ जेवायला बोलावण्यापुरती नाही, हे त्याला समजेल. आणि पाहुण्यांदेखत त्याच्या मोडक्या मराठीला हसू नये. पेटी न पुरताही भाषा पुरली जाते, ती बहुधा अशा हसण्यानेच.

आपल्या घरी कोणता उपाय लागू पडला, ते भगिनींनी आम्हांस अवश्य कळवावे.