उन्हातील धाव आणि तपाचा भ्रम

समुद्रकाठच्या शहरात, तापलेल्या रस्त्यावरून 42 किलोमीटर धावणे हा अलीकडे पुरुषार्थाचा प्रकार मानला जाऊ लागला आहे. भोवळ येऊन पडलेल्यास झुंजार म्हणावयाचे आणि वेळीच थांबलेल्यास भित्रा ठरवावयाचे, अशी ही रीत. आपल्यातील काही धर्मशील मंडळी तिला तपाची उपमा देऊ लागली आहेत, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

प्रथम तपाचेच पाहू. दंभाने व अहंकाराने देहातील भूतसमूहाला क्लेश देणाऱ्यांची गणना गीतेने सतराव्या अध्यायात आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. पंढरीची वाट चालणारा वारकरी पहाटे निघतो, विसावा घेतो आणि मुक्कामाला थांबतो. विसाव्याने त्याच्या भक्तीला उणेपणा आल्याचे कोणी ऐकले आहे काय?

समुद्रावरचा वारा देहाला गार ठेवतो, हा दुसरा भ्रम. आमच्या सदलग्यास चैत्रात ऊन रखरखीत असते, पण हवा कोरडी. अंगावरचा घाम वाळतो आणि वाळताना देहाची उष्णता घेऊन जातो. मुंबई-पणजीच्या दमट हवेत तो नीट वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी जाते, उष्णता मात्र देहातच साठते.

यावर 'आम्ही उष्ण देशाची माणसे, आम्हांस ऊन काय करणार?' असे उत्तर मिळते. 1912 साली समुद्रकाठच्या स्टॉकहोममध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन दुपारच्या उन्हात झाली. तीत फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो पोर्तुगालचा, म्हणजे उन्हाळी देशाचाच होता. उलट आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये एकोणिसावे आले, ते गारठ्यात आणि पावसात! उन्हाची सवय हेच आमचे बळ असते, तर तो दिवस त्यांना मारक ठरावयास हवा होता.

जगाने यातून धडा घेतला आहे. 2019 साली समुद्रकाठच्या दोहा शहरात जागतिक स्पर्धेतील स्त्रियांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरीही 68 पैकी 40 जणीच शेवटपर्यंत पोचल्या. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उष्म्याच्या भयाने उत्तरेकडील सप्पोरो शहरी नेली. तेथेही 2021 साली स्त्रियांची शर्यत सकाळी 7 ऐवजी 6 ला सोडावी लागली. या जगातील निवडक धावपटूंच्या शर्यती. त्यांच्यासाठी घड्याळ बदलते, मग नोकरी सांभाळून धावणाऱ्या हौशी गृहस्थासाठी का बदलू नये?

2004 साली सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन आता जानेवारीत होते आणि हौशी स्पर्धकांना पहाटे 5 च्या सुमारास सोडते, हे शहाणपणच होय. तथापि सहा तास लागणारा मनुष्य 11 वाजेपर्यंत रस्त्यावरच असतो. अनेक वर्षांच्या मार्गात पेडर रोडचा चढही परतीच्या वाटेवर, शक्ती सरल्यावर आलेला आहे. वेगवान धावपटूंकडे पाहून व्यवस्था आखणे म्हणजे पंगतीतील पहिल्या पानांवर वाढून स्वयंपाकघर बंद करणे होय.

'स्पर्धकाने हमीपत्रावर सही केली आहे,' हा आयोजकांचा शेवटचा बचाव. वकील या नात्याने मी विचारतो, सही कशावर केली? स्वेच्छेने पत्करलेल्या धोक्याबद्दल तक्रार चालत नाही, हे तत्त्व खरे. परंतु त्याने पत्करला तो पाय मुरगळण्याचा, दम लागण्याचा धोका. पाण्याची टाकी रिकामी असण्याचा किंवा रुग्णवाहिका न येण्याचा धोका त्याने पत्करलेला नाही. 1872 च्या करार कायद्याचे 23 वे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्धच्या कराराला रद्दबातल ठरविते. दुसऱ्याच्या जिवाविषयीची बेपर्वाई छापील कागदाने माफ होते, असे म्हणणे मला त्या धोरणाच्या विरुद्धच वाटते.

आपली देवस्थाने आणि मंडळे ज्या शर्यतींना देणगी देतात, त्यांच्या आयोजकांना त्यांनी तीन अटी घालाव्यात. शर्यतीची वेळ शेवटच्या धावपटूच्या हिशेबाने ठरवावी. हवा असह्य झाल्यास शर्यत थांबविण्याचा अधिकार वैद्याच्या हाती असावा, पुरस्कर्त्यांच्या नव्हे. आणि शेवटचा मनुष्य परत येईपर्यंत पाणी व बर्फ रस्त्यावरून हलवू नये. ज्यांना या अटी जड वाटतात, त्यांना देणगी देऊ नये.