चला, बॅगा भरा! : जॉर्जिया (अमेरिकेतलं नव्हे)



गेल्या कोजागिरीला मसाला दुधाचे पेले घेऊन गप्पा चालल्या होत्या, तेव्हा चार-पाच घरांतून एकच मागणी आली, "तुम्ही जॉर्जियाला जाऊन आलात ना? मग एकदा सगळं नीट लिहूनच द्या." म्हणून यावेळचं सदर जॉर्जियाला. आम्ही पुण्याला हा बेत फोनवर सांगितला, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "मग अटलांटाला आपल्या भाच्याकडेच उतरा की!" तर काकू, ते हे नव्हे. हे काळ्या समुद्राच्या काठचं. उत्तरेला रशिया, दक्षिणेला तुर्कस्तान आणि आर्मेनिया. 1991 पर्यंत सोव्हिएत संघात होतं. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. दुबईहून साडेतीन तासांत विमान पोचतं आणि घड्याळाचे काटेही फिरवावे लागत नाहीत.

आधी कागदपत्रांचं बोलू, कारण आमचं घोडं तिथेच पेंड खाल्लं.

2023 साली आम्ही उभयता, आमची लेक आणि आई (आमच्यापैकी एकाच्या आई, दुसऱ्याच्या सासूबाई) असे चौघं निघालो. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या, म्हणजे त्यांच्याकडे भेटीचा व्हिसा. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटाने छातीठोकपणे सांगितलं, "इथे राहणाऱ्यांना तिकडे व्हिसा लागत नाही, निर्धास्त जा." आम्हीही गेलो निर्धास्त! विमानतळावरच्या काउंटरवर मुलीने आमचे तिघांचे रहिवासी परवाने पाहिले आणि आईंचा पासपोर्ट बाजूला ठेवला. भेटीच्या व्हिशावर चालणार नाही, म्हणाली. आईंच्या पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज, हातावर स्वेटर. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिघं जा. मला काय, फ्रिजमध्ये आमटी आहे." शेवटी आमच्यापैकी एक जण लेकीला घेऊन पुढे गेला आणि दुसरा आईंना घेऊन टॅक्सीने घरी. तिकिटांचे पैसे बुडाले ते बुडाले. पण त्या टॅक्सीत आई एक अक्षर बोलल्या नाहीत, ते अजून आठवतं.

तेव्हा भारतातून आलेल्या आई-वडिलांना नेणार असाल, तर आपल्याला मिळणारी सवलत त्यांनाही असेल असं मुळीच धरून चालू नका. त्यांचा ई-व्हिसा आधी काढा. आपल्या रहिवासी परवान्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या अटीही बदलत असतात. परवान्याची मुदत किती उरली आहे ते बघा आणि जॉर्जियाच्या परराष्ट्र खात्याचा नियम स्वतः वाचा. एजंटाच्या, आणि खरं तर आमच्याही, शब्दावर जाऊ नका. 1 जानेवारी 2026 पासून प्रवाशाला आरोग्य विमाही सक्तीचा झाला आहे, निदान 30,000 लारींचं संरक्षण देणारा. आम्ही गेलो तेव्हा ही अट नव्हती. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विमा आणि बँकेचा कागद हे सगळं छापील, एका फाइलीत, हातातल्या बॅगेत. तिथला अधिकारी "कुठे राहणार? किती दिवस?" विचारतो, तेव्हा मोबाइलची बॅटरी नेमकी संपलेली असते. शिवाय घरातल्या प्रत्येकाला हॉटेलचं नाव पाठ असू द्या, आजीलासुद्धा.

औषधांबद्दल एक कळकळीची सूचना. अमली पदार्थांचे कायदे तिथे फार कडक आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आपण सहज डब्यात टाकतो. तसं करू नका. औषधं मूळ वेष्टनात न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा आणि शंका असलेलं औषध चालतं का ते आधी विचारून घ्या.

आईंना आम्ही अखेर 2024 च्या मे महिन्यात नेलं. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम दिवस. शरदात द्राक्षांची काढणी चालू असते.

चलन लारी. शहरात कार्ड सगळीकडे चालतं, पण खेड्यात आणि बाजारात रोख लागते. टॅक्सी फोनवरच्या अॅपवरूनच बोलवा, विमानतळाच्या दारात हाका मारणाऱ्यांच्या नादी लागू नका. प्लगला दोन गोल पिना असतात, त्यामुळे आपले इथले तीन पिनांचे चार्जर तिथे बसत नाहीत. अॅडॉप्टर न्या. संकटकाळी 112 फिरवा. आणखी एक म्हणजे अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या भागांकडे फिरकूसुद्धा नका. 2008 च्या युद्धानंतरचा तो मामला अजून मिटलेला नाही.

भाषेची मात्र धमाल आहे. लिपी त्यांची स्वतःची, 33 अक्षरांची, जिलब्या पाडल्यासारखी गोल गोल. नमस्काराला 'गामारजोबा', आभाराला 'मादलोबा'. आणि बापाला म्हणतात 'मामा'! बागेत एक पोरगं "मामा, मामा" करत धावलं आणि एका गृहस्थाने त्याला उचलून घेतलं. आई कौतुकाने म्हणाल्या, "भाच्यावर किती जीव आहे बघा!" तो मुलगा त्याचाच, हे त्यांना पटवायला दोन दिवस लागले. आई म्हणजे 'देदा'.

आता खाण्याचं. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, थेपल्यांची अर्धी बॅग घरी ठेवली तरी चालेल. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी कितीतरी दिवस उपास करतात, आणि त्या उपासाला मांस, दूध, अंडं काही चालत नाही. त्यामुळे हॉटेलात 'सामार्खवो' हा एक शब्द उच्चारला की उपासाच्या पदार्थांची यादी पुढे येते. (आपली साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी आठवून आम्हांला हसू आलं.) दूध-चीज चालत असेल, तर 'खोर्त्सिस गारेशे', म्हणजे मांसाविना, एवढं सांगा. 'लोबिओ' म्हणजे मातीच्या भांड्यातला राजमा, सोबत मक्याची 'मचादी'. आईंनी तिला सरळ भाकरीच म्हणायला सुरुवात केली. 'लोबियानी' ही राजमा भरलेली पोळी. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण घालून गुंडाळतात, ते तर आम्ही रोज मागवलं. चीजची 'खाचापुरी' सगळ्यांना माहीत असते, पण लोण्याचा गोळा आणि वर कच्चं अंडं घातलेली होडीसारखी अजारी खाचापुरी एकट्याने संपवायला जाऊ नका. तोंडीलावणं म्हणून 'अजिका' मागा. आपल्या ठेच्याची लांबची बहीण शोभेल.

आणि 'खिंकाली'! ताटलीत आल्या तेव्हा आई बघतच राहिल्या. हुबेहूब उकडीचे मोदक. त्यांनी लगेच कळ्या मोजल्या. चांगल्या खिंकालीला अठरा-एकोणीस कळ्या हव्यात असं तिथेही मानतात, म्हणे. बहुतेकांत मांस असतं, पण बटाट्याच्या, मशरूमच्या आणि चीजच्याही मिळतात. काटा-चमचा लावायचा नाही. शेंडी धरून उचलायची आणि खायची. शेंडी तेवढी ताटलीत टाकायची, ती जाड असते.

राजधानी त्बिलिसीला तीन दिवस द्या. 'त्बिली' म्हणजे ऊन. शहराचं नावच गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं आहे. जुन्या भागात गंधकाच्या पाण्याची स्नानगृहं आहेत, आत शिरलं की वज्रेश्वरीचा वास! कुटुंबासाठी तासाच्या हिशेबाने स्वतंत्र खोली मिळते आणि चोळणारी बाई अभ्यंगस्नानाची आठवण करून देते. मात्र रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि पाण्यात फार वेळ बसू नये.

रस्त्यात मध्येच मराठी कानावर पडलं तर दचकू नका. तिथे हजारो भारतीय मुलं डॉक्टरकी शिकतात. नागपूरच्या दोघी मुली आम्हांला पुलावर भेटल्या. आईंनी पर्समधल्या चिवड्याची पुडी त्यांच्या हातात दिली, तर एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना दोन पुड्या जास्त न्या.

शहराच्या एका मोठ्या रस्त्याला केतेवान त्सामेबुलीचं नाव आहे. त्सामेबुली म्हणजे हुतात्मा. या राणीला 1624 मध्ये इराणच्या शिराझमध्ये शाह अब्बासने धर्म सोडायला सांगितलं. तिने नकार दिला आणि तिला हाल हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग कुठे नेला असेल? आपल्या जुन्या गोव्यात! सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या उत्खननात तो सापडला, जनुकीय तपासणी झाली आणि जुलै 2021 मध्ये भारताने तो जॉर्जियाला भेट दिला. आईंचं माहेर फोंड्याचं. तो पडका मनोरा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. त्यांनी एका चर्चमध्ये केतेवानच्या नावाने मेणबत्ती लावली आणि म्हणाल्या, "आमच्या गावाला राहून गेलेली आहे ही." चर्चमध्ये जाताना बायकांनी डोकं झाकायचं असतं. आईंनी पदर घेतला, आमच्या लेकीला दारातला रुमाल घ्यावा लागला. अर्धी चड्डी घातलेल्या पुरुषांनाही चालत नाही.

काझबेगीला जायचा डोंगरी रस्ता सुमारे 2,400 मीटरच्या खिंडीतून जातो. मालट्रकांच्या रांगा लागतात आणि थंडीत बर्फाने रस्ता बंदही होतो. म्हणून परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी असेल तर तिकडे जाऊ नका. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. डिसेंबर 2024 मध्ये गुदौरीला कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच अकरा भारतीयांचा बळी घेतला. वीज गेल्यावर बंद जागेत जनरेटर चालवला होता. या वायूला वास नसतो. डोंगरातल्या घरगुती मुक्कामात गॅसचा हीटर किंवा गिझर असेल, तर धूर बाहेर जायची सोय डोळ्यांनी बघा. बॅटरीवर चालणारा छोटा गजर बाजारात मिळतो, तो न्या. मालकाला काय वाटेल याचा संकोच करू नका.

गेरगेतीचं चर्च 2,170 मीटरवर आहे. गाडी जवळपर्यंत जाते, शेवटचा चढ तेवढा पायी. आई दोनदा थांबल्या, तिसऱ्यांदा आम्ही थांबलो. वर पोचलो तर काझबेक ढगात. वीस मिनिटं काहीच दिसेना. मग एकदम ढग सरकला आणि पाच हजार मीटरहून उंच पांढराशुभ्र डोंगर समोर उभा! आई बाकावर टेकल्या, बुटांची नाडी सैल केली आणि म्हणाल्या, "बरं झालं त्या वेळी परत पाठवलं. तेव्हा हे बूट चावत होते."