मागच्या बाकावर कोण बसणार?



या सदरातून आपण एरवी बी-बियाणे, खते आणि फवारणी यांबद्दल बोलतो. आज जरा बांध ओलांडून बोलणार आहे. हल्ली शिवारफेरीला गेलो की पिकाची विचारपूस आटोपल्यावर हटकून एक प्रश्न येतो. "साहेब, घरात माणसं सात. सगळी बसतील अशी गाडी घ्यायची आहे. कोणती घ्यावी?" गाडीचा पैसा शेवटी शेतातूनच येतो. शिवाय वाण चुकले तर एक हंगाम जातो, गाडी चुकली तर पाच वर्षे तिचे हप्ते भरावे लागतात. म्हणून आजचा हा प्रपंच.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू माण तालुक्यात शेती करतात. घरात आमची आई, दादा-वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची दोन लेकरे, अशी मोजून सात माणसे. डाळिंबाचे चार पैसे हाती आले तेव्हा दादांनी गाडीचे मनावर घेतले आणि मला सोबतीला बोलावले. शोरूममध्ये गेल्यावर दादा स्टिअरिंगपाशी बसले. पुतण्याने शेजारी बसून गाणी लावून पाहिली. आई आणि वहिनी मात्र पदर सावरून बाहेरच उभ्या. मी म्हणालो, "आई, तू जरा सगळ्यात मागच्या बाकावर बसून बघ." मधले आसन पुढे लोटून आईने एक पाय आत घातला, पण गुडघा काही दुमडेना. वाकून वाकून दमली आणि म्हणाली, "नको रे बाबा, मला आपली एस्टीच बरी."

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. कारण गाडी घरी आली असती, की त्याच बाकावर म्हातारी आणि पोरेच बसणार होती. आपल्याकडे हीच रीत आहे. कर्ता पुरुष पुढे, पाहुणे मधे, आणि बायका, म्हाताऱ्या, लेकरे मागे. म्हणजे ज्यांच्यासाठी म्हणून सात आसनांची गाडी घ्यायची, तीच माणसे गाडीतल्या सर्वांत अडचणीच्या जागी. म्हणून माझे सांगणे एवढेच, की सात आसनी गाडी पारखायची ती मागच्या बाकावरून.

मागचे बाक कसे पाहावे?

बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. गाडीचेही तसेच करावे. शोरूममध्ये जाताना घरची सातही माणसे न्यावीत आणि सातही जणांना एकाच वेळी गाडीत बसवावे. एकेकटा बसला की प्रत्येक गाडी ऐसपैस वाटते.

पहिली गोष्ट, आसनाची दिशा पाहा. बोलेरोच्या शेवटच्या रांगेतली दोन आसने आडवी, समोरासमोर असतात. अर्टिगा, ट्रायबर, स्कॉर्पिओ-एन आणि सफारी यांची शेवटची रांग पुढे तोंड करून असते. हा फरक नुसता सोयीचा नाही. गाडीला एकदम ब्रेक लागला की अंग पुढे फेकले जाते. पुढे तोंड करून बसलेल्याला छातीवरून जाणारा पट्टा धरून ठेवतो. आडव्या बसलेल्या माणसाचे अंग मात्र कुशीवर फेकले जाते आणि मानेला हिसका बसतो.

दुसरी गोष्ट पट्टा. तो खांद्यावरून आणि कमरेवरून, असा दोन्हीकडून येणारा असावा. डोके टेकायला उशी असावी आणि ती बसणाऱ्याच्या डोक्याइतकी उंच यावी. तिसरी गोष्ट पाय. बसल्यावर गुडघे पोटाशी येत असतील, तर पंढरपूर गाठेपर्यंत त्या माणसाचे काय होईल ते ओळखा. चौथी गोष्ट हवा. बऱ्याच गाड्यांत शेवटची काच उघडत नाही. गार हवेचा झोत मागेपर्यंत येतो का ते पाहावे. घाटात उलटी होणारे लेकरू मागे बसवले की याची किंमत कळते.

पाचवी गोष्ट सामान. सातही आसने उघडी असताना ट्रायबरच्या मागे ८४ लिटरची जागा उरते, अर्टिगाच्या मागे २०९ लिटरची. ८४ लिटर म्हणजे दोन-तीन पिशव्या. ट्रायबरची शेवटची आसने काढून घरी ठेवता येतात, मग जागा भरपूर होते, पण बसायला पाचच उरतात. अर्टिगाची सीएनजीची गाडी घेतली, तर मागच्या जागेत टाकी येते. मग बोचकी कुठे? टपावर. टपावर ओझे चढले की वळणावर गाडी कलंडण्याचे भय वाढते.

ताऱ्यांचा अर्थ

गाडी आपटवून तिची मजबुती पाहणाऱ्या चाचण्या असतात आणि त्यात पाचपैकी तारे देतात. आपल्या देशाची भारत एनकॅप ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्याआधीपासून ग्लोबल एनकॅप ही संस्था भारतात बनलेल्या गाड्या तपासत आली आहे. तिच्या चाचणीत २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. २०२३ मध्ये सफारीला प्रौढ आणि मुले दोन्हींसाठी पाच मिळाले. २०२४ मध्ये बोलेरो निओला एकच तारा मिळाला. त्याच वर्षी दोन एअरबॅगच्या अर्टिगालाही प्रौढांसाठी एकच मिळाला. पुढे २०२५ मध्ये कंपनीने अर्टिगाच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅगा दिल्या.

तारे जरूर पाहा, पण एक ध्यानात ठेवा. चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढे आणि मुलांचे पुतळे त्यांच्या मागे बसवतात. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीचे काय होईल, ते तारे सांगत नाहीत. तिथे पट्टाच उपयोगी पडतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, तरी जीव वाचला नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा असा कायदाच आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाची गोष्ट सोडा, लेकरांसाठी लावा.

रस्ता आणि ओढ

सात माणसे म्हणजे सरासरी साठ किलोने चारशे वीस किलो झाले. वर सामान. हे ओझे चढावर ओढायला इंजिनात ओढ हवी. ही ओढ न्यूटन-मीटर या मापात सांगतात. बोलेरोच्या डिझेल इंजिनाची ओढ २१०, अर्टिगाच्या पेट्रोल इंजिनाची सुमारे १३७, ट्रायबरच्या लहान इंजिनाची ९६. सपाट डांबरी रस्त्यावर हा फरक फार जाणवत नाही. गाडी भरून घाट चढताना जाणवतो.

दुसरे म्हणजे कोणती चाके ओढतात ते विचारा. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळते, हे तुम्हाला सांगायला नको. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत मागे माणसे भरली आणि चिखलाचा चढ आला, की पुढचा भार हलका होतो आणि चाके जागीच फिरतात. बोलेरोची मागची चाके ओढतात, म्हणून वस्तीवरच्या पाणंदीत ती सरस ठरते. अर्टिगा आणि ट्रायबर यांची पुढची चाके ओढतात. तुमची वस्ती पाणंदीच्या टोकाला असेल तर हा विचार पहिला करा. दारापर्यंत डांबरी रस्ता आला असेल, तर पाणंदीचे कारण सांगून आडवे बाक घेऊ नका.

डिझेल की पेट्रोल?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. साचलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज घर ते मळा आणि मळा ते डेअरी एवढेच चालवले, तर जाळी तुंबते आणि खर्च दारात येतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर म्हणजे दिवसाला सुमारे सत्तावीस. तुमची धाव याहून कमी असेल, तर डिझेलसाठी जास्त पैसे मोजण्याआधी हिशेब मांडावा. आपल्या राज्यात डिझेल गाडीला वाहनकरही पेट्रोलपेक्षा जास्त लागतो. सीएनजीला तो कमी असतो, पण पंप किती लांब आहे ते आधी पाहा.

पैशाचे गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाडीला १८ टक्के, त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. बोलेरो आणि ट्रायबर पहिल्यात बसतात, अर्टिगा दुसऱ्यात. पण चार मीटरच्या आत सात माणसे बसवायची म्हणजे कुठेतरी अंग चोरावे लागणारच. कर वाचला, पण चोरलेली जागा मागच्या बाकाची आहे, हे विसरू नका.

आता हप्ता. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो. पाच वर्षांत व्याजच जवळपास दोन लाख. हप्ता दर महिन्याला येतो, डाळिंब काही दर महिन्याला येत नाही. काही बँका शेतकऱ्यांना सहामाही हप्ते बांधून देतात, तशी विचारणा करावी. आणि हप्त्याला हातभार म्हणून गाडी वडापला लावण्याचा विचार मनातही आणू नये. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. सातच्या गाडीत बारा जण बसवले तरी घोटाळाच, कारण विमा नोंदलेल्या आसनांपुरताच असतो.

जुनी गाडी घेणार असाल, तर सातबाऱ्यावरचा बोजा पाहता तसा आर.सी.वरचा बोजा पाहा. आसनसंख्या आणि चासी नंबर जुळवून पाहा. जुनी पेट्रोल गाडी असेल, तर हल्लीच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ती चालते का, ते तिच्या पुस्तिकेत पाहा.

आणि एक माझ्या खात्याचे

गाडी घरची झाली, की तिच्यातून कीटकनाशकाचे डबे, तणनाशक आणि लेकरे एकत्र नेऊ नका. बंद गाडीत गळका डबा म्हणजे विषाची खोली. खताची पोती मोकळी ठेवू नका, ब्रेक लागला की तीच पुढच्यांच्या पाठीत बसतात.

दादांनी शेवटी कोणती गाडी घेतली, ते सांगत नाही. सांगितले तर शेजाऱ्याने लावला म्हणून तोच वाण लावल्यासारखे तुम्हीही तीच घ्याल. इतकेच सांगतो, की त्या दिवशी त्यांनी काही घेतले नाही. दोन महिने थांबून, सातही जणांना तीन गाड्यांत बसवून मग घेतली. आता प्रवासाला निघताना आई मधल्या रांगेत दाराशी बसते, पोरे तिच्या शेजारी, पट्टे लावून. शेवटच्या बाकावर तरणा पुतण्या. आणि मी सोबत असलो, तर त्याच्या शेजारी मी. गुडघे माझेही कुरकुरतात, पण आईचे कुरकुरत नाहीत.

गाडी घेण्याआधी एक संध्याकाळ घरात सर्वांनी बसून ठरवा, मागच्या बाकावर कोण बसणार. बायामाणसांना बोलू द्या. अर्धी निवड तिथेच होईल.