पाळकाचा सहवास आणि तरुणांची श्रद्धा

शिकविल्यानें विद्या येते. श्रद्धा मात्र केवळ शिकविल्यानें येत नाहीं. ती एखाद्या सत्शील मनुष्याच्या सहवासांत हळूहळू रुजते, असें आमचें मत आहे. लहान गांवचा पाळक बहुधा मोठा वक्ता नसतो व त्याची मंडळीही थोडकी असते. तथापि तरुणाच्या मनावर जन्मभर टिकणारा ठसा पुष्कळदां अशाच पाळकाचा असतो. हा ठसा कोणत्या प्रकारचा असावा, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं मिळून करावा, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आपल्या जालन्यानजीकच बेथेल हें गांव आहे. तें वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे जन्मानें ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयांत शिकत असतां डॉक्टर जॉन विल्सन व रेव्हरंड रॉबर्ट नेसबिट यांचा सहवास त्यांना घडला. नेसबिटसाहेब १८२७ सालीं या देशांत आले होते, व मराठी भाषेवरील त्यांच्या प्रभुत्वाचा मोठा लौकिक होता. परक्या देशांतून आलेला गुरु आपल्या मातृभाषेंत मनापासून बोलतो, याचा तरुण शिष्यावर काय परिणाम होत असेल, तें सांगावयास नको. १८४३ सालीं नारायणरावांनीं बाप्तिस्मा घेतला.

परंतु त्याच सालची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्या वेळीं सुमारें बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांच्या घरीं राहूं लागला. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, आणि कोर्टानें मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. पुढें त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावरून मोठा वाद माजला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलाचा पक्ष घेऊन त्याच्या शुद्धीसाठीं खटपट केली, व त्यापायीं सनातनी मंडळींचा रोष पत्करला. या सर्व गलबल्यांत त्या कोवळ्या मुलाच्या मनाचें काय झालें असेल, हें कोणी त्याला विचारलें काय?

आम्हांस वाटतें कीं, मुलाची श्रद्धा ही ओढाताणीची वस्तु नव्हे. पाळकानें तिची घाई करूं नये, तसेंच आईबापांनीं तिला कुलूप घालूं नये. अपक्व फळ हिसडून काढलें तर फांदीही मोडते व फळही आंबट निघतें. आमच्यासारख्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें एकत्र शिकतात. त्यांच्या पालकांच्या मनांतील काळजी रास्त आहे, आणि तिचा मान ठेवणें हें पाळकाचें पहिलें कर्तव्य आहे.

खरा प्रभाव वाट पाहूं शकतो. बेळगांवचे बाबा पदमनजी मुंबईस शिकावयास आले, तेव्हां नारायण शेषाद्रि यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. तरीही त्यांच्या मनांत पुष्कळ काळ विचारांचें द्वंद्व चाललें, आणि १८५४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनीं, १८५७ सालीं, विधवांचीं दुःखें वेशीवर टांगणारें ‘यमुनापर्यटन’ त्यांनीं लिहिलें. श्रद्धा खरी असली म्हणजे ती अशी दुसऱ्याचे अश्रु ओळखूं लागते.

नारायणरावांना १८५४ सालींच पाळकपणाची दीक्षा मिळाली. पुढें मुंबईसारखें शहर सोडून ते जालन्यास आले. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. सरकारकडून जमीन मिळवून त्यांनीं बेथेल वसविलें. ज्यांना समाजानें गांवकुसाबाहेर ठेविलें होतें, त्यांतील कित्येकांना येथें हक्काचें ठिकाण मिळालें, आणि ब्राह्मण कुळांत जन्मलेला हा पाळक त्यांच्यांत त्यांचाच होऊन राहिला. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथील मोठ्या ख्रिस्ती परिषदेंत त्यांनीं भाग घेतला. तरी त्यांचें नांव बांधलें गेलें तें या लहानशा वस्तीशींच. १८९१ सालीं समुद्रप्रवासांत त्यांचा अंत झाला.

बेथेल म्हणजे देवाचें घर. घर सोडून एकटाच निघालेला तरुण याकोब दगड उशाशीं घेऊन निजला, आणि तेथें त्याला देवाचें सान्निध्य जाणवलें, अशी शास्त्रांतील कथा आहे. शिक्षणासाठीं घर सोडणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना ती आपलीच वाटेल.

कोणी म्हणेल, असा प्रभाव म्हणजे दुसऱ्याच्या सांच्यांत मन ओतणें होय. यावर आमचें उत्तर सोपें आहे. ज्या पाळकाच्या सहवासांत तरुण निर्भयपणें प्रश्न विचारूं लागतो, आईबापांशीं अधिक मायेनें वागतो, आणि गांवांतील दुबळ्यांची विचारपूस करतो, तो प्रभाव बंधन नव्हे, बळ होय. विद्यार्थीमित्रहो, असा मनुष्य आपल्या गांवीं असेल तर त्याच्याजवळ बसा. पालकजनहो, त्याची पारख अवश्य करा. पण पारखून घेतल्यावर मुलांना त्याच्यापासून दूर ठेवूं नका. आणि पाळकांना आमची नम्र विनंति इतकीच कीं, मुलें आपलें बोलणें ऐकतात त्याहून अधिक आपलें चालणें पाहतात, हें त्यांनीं विसरूं नये.