डोक्याइतकी कपाशी कोणाच्या कामाची?



पोळ्याच्या सुमारास कोणत्याही गावच्या पारावर बसा, एकच गोष्ट ऐकू येते. अमक्याची पऱ्हाटी छातीला लागली, तमक्याची डोक्यावर गेली. ज्याची कंबरेइतकी आहे तो मान खाली घालतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर उभा राहतो. आम्ही सरळ विचारतो, उंची मोजून जिनिंगवाला पैसे देतो काय? काट्यावर बोंडातला कापूस चढतो, पळखाटी चढत नाही.

माजलेली पऱ्हाटी ओळखायला पदवी लागत नाही. दोन पेरांतले अंतर वाढते, खोड बारीक राहते, पान मोठे, मऊ आणि काळपट हिरवे होते. बुडाशी ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही. खालच्या फळफांद्यांवरची पाती-फुले गळतात, जी बोंडे धरली ती ओलीत सडतात. मऊ पानावर तुडतुडे आणि पांढरी माशी आनंदाने नांदतात. मग फवारा. मग आणखी फवारा.

हे असे का होते ते एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे कोणी बाटली दाखवून फसवणार नाही. झाडाला दाटीची चाहूल सावली पडण्याच्याही आधी लागते. हिरवे पान उन्हातला लाल प्रकाश शोषून घेते, पण आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा, त्याच्या पलीकडचा तांबूस प्रकाश परत फेकते. तो शेजारच्या झाडावर पडला की त्याला कळते, बाजूला भाऊबंद वाढतो आहे. मग ते खोड जाड करणे आणि मुळे खोल नेणे बाजूला ठेवून उंच पळत सुटते. त्यात नत्र जास्त आणि ओल भरपूर असेल तर विचारूच नका. ज्वारीतही हेच. पंधरा दिवसांत विरळणी केली नाही तर ताटे काडीसारखी होतात, कणीस लहान राहते आणि एका वाऱ्यात सारे पीक लोळते. ४५ सेंमीच्या पाभरीने पेरून दोन ताटांत १५ सेंमी अंतर ठेवले तर चौरस मीटरला पंधराच्या आसपास ताटे बसतात, तेवढी पुरे. कडब्यासाठी दाट ठेवायची असेल तर वेगळा तुकडा पेरा.

परसातल्या मिरची-वांग्याच्या रोपांचे दुखणेही यापेक्षा निराळे नाही. लिंबाच्या सावलीत वाफा केला, बी मुठीने फेकले, रोज पाणी मारले, की रोपे काटकुळी होणारच. वाफा उघड्या उन्हात, थोडा उंच करावा, बी ओळीत पातळ टाकावे आणि लावणीआधी आठवडाभर पाणी कमी करून रोप कणखर करावे. टोमॅटोचे रोप लांबलेच तर खालची पाने काढून खोल लावता येते, खोडालाही मुळ्या फुटतात. नांगे भरायला पिशवीत कपाशी लावता ती पिशवीही गोठ्याच्या आडोशाला ठेवू नका.

आता मूळ भांडणाकडे येतो. पीक माजते ते फक्त शेतकऱ्याच्या हौसेने नाही. २०१० साली केंद्र सरकारने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण आणले. त्यात स्फुरद आणि पालाशच्या खतांचे भाव मोकळे केले, युरिया मात्र बाहेर ठेवला. परिणाम काय झाला? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे नत्र किलोला तेरा रुपयांच्या आत. पोटॅशची गोणी दीड हजाराच्या वर, म्हणजे पालाश किलोला पन्नासच्या वर. डीएपी १३५० रुपये. ज्याच्या खिशात पाचशेच रुपये आहेत तो काय उचलेल? आणि वर कृषी अधिकारी भाषण देतात की शेतकरी संतुलित खत वापरत नाही. ताजव्याचे एक पारडे स्वतःच खाली ओढायचे आणि तोल जातो म्हणून शेतकऱ्याला शिकवायचे!

दुकानात पुढचा खेळ चालतो. युरिया पाहिजे? मग ही टॉनिकची बाटली घ्यावी लागेल. खतासोबत असे दुसरे काही गळ्यात मारणे बेकायदा आहे, तरी ऐन हंगामात हा धंदा चालतो. कित्येक टॉनिकांत काय आहे ते धड लिहिलेले नसते. काहींत खोड लांबवणारे जिबरेलिक आम्ल असते, तेच जे द्राक्षवाले घड लांबवायला वापरतात. ते मारले, पऱ्हाटी सुसाट सुटली, की तोच दुकानदार वाढ थांबवायचे औषध काढतो. ते औषध झाडात तेच जिबरेलिन तयार होणे रोखते! वाढवण्याचे पैसे आपले, थांबवण्याचे पैसे आपले, मधल्या फवाऱ्याची मजुरीही आपली.

पैशाचेच नुकसान असते तर एवढे लिहिले नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या हंगामात कपाशी नेहमीपेक्षा उंच आणि दाट होती. नोझल खांद्याच्या वर धरून विष मारावे लागले, आणि ते तोंडावर, छातीवर आणि श्वासात परत आले. तेव्हा सांगितले गेले की मजुरांनी हातमोजे आणि मुखवटे घातले नव्हते. भाद्रपदातल्या उकाड्यात, डोक्याइतक्या पिकात, दिवसाच्या रोजीवर! मुखवटा पाहिजेच, पण पऱ्हाटी कंबरेपर्यंत असती तर विष तोंडापर्यंत आले नसते.

करायचे काय? नत्र दोन हप्त्यांत, निंदण-डवरणी झाल्यावर, ओलीवर द्या. पाऊस पडला की युरिया फेकण्याची सवय सोडा. पान काळपट आणि शेंडा सुसाट असेल तर पुढचा हप्ता थांबवा. दीड महिन्याच्या आत बुडातल्या गळफांद्या काढा. दादा लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत हेच करतात, त्याला कात्री आणि दोन हात पुरतात. भारी काळ्या रानात झाड तीन-साडेतीन फुटांवर आले, अडीच महिने झाले, की शेंडा खुडा. बरडावर, मुरमाड रानात पऱ्हाटी मुळातच बुटकी राहते, तिथे खुडू नका. वाढरोधकाची गरज दाट लागवडीत पडू शकते, तेव्हा ते बाटलीवरच्या प्रमाणातच घ्यावे, आणि पीक तहानलेले असताना कधीच मारू नये. आधीच थांबलेल्या झाडाला आणखी काय थांबवणार?

जिल्हा मेळाव्यात दोन मागण्या मांडणार आहोत. नत्र, स्फुरद आणि पालाशचे अनुदान एका मापाने मोजा, ही पहिली. खताबरोबर बाटली गळ्यात मारणाऱ्याचा परवाना रद्द करा, ही दुसरी. मेळाव्याला येताना या हंगामातल्या खताच्या पावत्या सोबत आणा. ज्याला पावती दिलीच नाही त्याने गोणीसोबत काय घ्यायला लावले आणि किती रुपयांना, ते कागदावर लिहून सही करून आणावे.