जुन्या वेलींची वाइन: चवीला घ्या, पण औषध म्हणू नका

"डॉक्टर, ही साधी वाइन नाही हं. फ्रान्सची आहे, जुन्या वेलींची. ही तरी चालेल ना हृदयाला?"

परदेशातून येणारी मुलं आई-वडिलांसाठी अशा बाटल्या आणतात. त्यामुळे हा प्रश्न आता मला नवा राहिलेला नाही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असते. उत्तर सरळ आहे. हृदयासाठी म्हणून कुठलीच वाइन घेऊ नका, आणि ही तर मुळीच नको. का, ते सविस्तर सांगतो.

उदाहरण म्हणून शातोनफ-द्यु-पाप घेऊ. दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यात, आव्हिन्यों शहराजवळ हे गाव आहे. इथली रेड वाइन एकाच जातीच्या द्राक्षाची क्वचितच असते. ग्रेनाश हे मुख्य द्राक्ष. त्यात सिरा, मूर्वेद्र आणि नियमात बसणाऱ्या इतर जाती मिसळतात. दाट, उष्ण, मसालेदार चवीची म्हणून ती जगभर नावाजलेली आहे, आणि त्या चवीबद्दल माझं काहीच भांडण नाही. माझं भांडण आहे ते बाटलीसोबत फुकट मिळणाऱ्या आरोग्य-सल्ल्याशी.

आधी 'जुन्या वेली' या शब्दांकडे पाहू. लेबलवर फ्रेंचमध्ये 'व्हिएय व्हीन्य' लिहिलेलं असतं, पण वेल किती वर्षांची झाली की जुनी म्हणायची, हे फ्रान्सच्या कायद्याने ठरवलेलं नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्षवेल व वाइन संघटनेने २०२४ मध्ये ३५ वर्षं ही व्याख्या केली. लेबलवर तेच पाळण्याची सक्ती मात्र नाही. आणि ३५ वर्षं असोत की १००, वेलीच्या वयाने माणसाच्या रक्तवाहिन्या साफ होतात असं दाखवणारा कुठलाही पुरावा नाही.

मग ती वाइन इतकी 'भारी' का लागते? बाग जुनी झाली की उतारा कमी होतो, हे आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला सांगायला नको. घड थोडे, मणी लहान, रस दाट. त्यात शातोनफला हेक्टरी उत्पादनावर आधीच ३५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे. ग्रेनाश उशिरा पिकतं, आणि रोनच्या उन्हात त्याच्यात भरपूर साखर साठते. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेचं १ टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे १४.५ टक्क्यांच्या वाइनसाठी रसात लिटरला जवळजवळ २४५ ग्रॅम साखर लागते. शातोनफला किमान १२.५ टक्के अल्कोहोल नियमानेच हवं. प्रत्यक्षात १४ ते १५ टक्के अगदी नेहमीचं. घोट घेताच घशाखाली जी ऊब जाणवते, त्यात मोठा वाटा या अल्कोहोलचा असतो.

आता हिशेब करू. १५० मिलीचा एक ग्लास, १४.५ टक्के. त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे १७ ग्रॅम. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये असतं सुमारे १० ग्रॅम. म्हणजे 'फक्त एक ग्लास वाइन' म्हणजे पावणेदोन छोटे पेग झाले. पूर्ण बाटलीत साडेआठ. जे गृहस्थ "मी व्हिस्की सोडली, आता फक्त वाइन" असं अभिमानाने सांगतात, त्यांच्या यकृताला हा फरक कळत नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं. राजकारण बाजूला ठेवा. रसायनशास्त्रात दोन्हीकडे एकच इथेनॉल आहे.

"पण त्यात ते रेस्व्हेराट्रॉल असतं ना?" असतं. द्राक्षाच्या सालीत असतं, आणि वेल ते प्रामुख्याने बुरशीशी लढायला बनवते. २००६ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग खूप गाजला. भरपूर चरबी खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांना रोज किलोमागे २२.४ मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल दिलं, आणि ते तसं न मिळालेल्या लठ्ठ उंदरांपेक्षा जास्त जगले. बातमीचा मथळा झाला 'वाइनने आयुष्य वाढतं'. वाइनमध्ये ते लिटरला काही मिलिग्रॅमच असतं. आपण उदार होऊन ५ धरू. उंदराच्या डोसचं माणसाच्या डोसमध्ये रूपांतर करायची औषधशास्त्राची रीत वापरली, तरी ७० किलोच्या माणसाला रोज सुमारे २५ लिटर वाइन लागेल. तेहतीस-चौतीस बाटल्या! रेस्व्हेराट्रॉलचा परिणाम दिसायच्या कितीतरी आधी माणूस दगावेल.

माणसांवरचा पुरावाही पाहू. इटलीतल्या कियान्ती या वाइनच्याच प्रदेशात ६५ वर्षांवरील ७८३ लोकांच्या लघवीतून रेस्व्हेराट्रॉलचं प्रमाण मोजलं आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: हृदयरोग, कर्करोग, मृत्यू, कशाशीच संबंध नाही. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका रेस्व्हेराट्रॉल-संशोधकाच्या कामात आकडे-चित्रांची बनवाबनवी केल्याची १४५ प्रकरणं जाहीर केली. ही बातमी व्हॉट्सअॅपवर कुणी पुढे पाठवल्याचं मला आठवत नाही.

या सगळ्याचं मूळ 'फ्रेंच पॅराडॉक्स'मध्ये आहे. फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयरोग कमी, मग हे वाइनमुळेच असणार. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या '६० मिनिट्स' कार्यक्रमाने हे घराघरात पोहोचवलं आणि तिथे रेड वाइनचा खप उसळला. १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन संशोधकांनी या कोड्याची चिरफाड केली. फ्रान्समध्ये हृदयरोगाचे काही मृत्यू दुसऱ्याच कारणाखाली नोंदले जात होते. शिवाय फ्रेंचांच्या आहारातली प्राणिज चरबी ब्रिटनच्या मानाने बऱ्याच उशिरा वाढली होती, आणि हृदयविकार अशा आहाराच्या मागून काही दशकांनी येतो. वाइनला द्यायला श्रेय फारसं उरलं नाही.

'थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी' असे अभ्यास मात्र खरोखरच आहेत, ते मी नाकारत नाही. पण न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जातात. आणि रोज मोजून एक ग्लास वाइन घेणारा माणूस बहुधा पैसेवाला, शिकलेला, वेळेवर तपासण्या करणारा असतो. चीनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, दारू किती सोसते हे ठरवणाऱ्या जनुकांवरून तुलना केली. तेव्हा थोड्या दारूने पक्षाघातापासून मिळणारं 'संरक्षण' नाहीसं झालं. दारू वाढली तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढत गेला.

खुद्द फ्रान्स काय म्हणतो? तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचा सल्ला आहे: दिवसाला जास्तीत जास्त दोन ग्लास, आठवड्याला दहा, आणि रोज तर नकोच. तो 'ग्लास' १० ग्रॅम अल्कोहोलचा. त्या मापाने आपल्या शातोनफच्या एका ग्लासातच दिवसाचा बहुतेक कोटा संपतो. दारूमुळे फ्रान्समध्ये वर्षाला सुमारे ४१ हजार मृत्यू होतात, असा अंदाज तिथल्याच संशोधकांनी २०१५ सालासाठी मांडला. कोडं सांगणाऱ्यांच्या गोष्टीत हा आकडा नसतो.

जे कधीकधी चवीसाठी घेतात, त्यांच्यामागे मी काठी घेऊन लागत नाही. पण काहींनी नीट ऐकायला हवं. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर रोजचा एक ग्लासही त्रास वाढवू शकतो. ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील, फॅटी लिव्हर असेल, तर वाइनही बंद. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर रिकाम्या पोटी घेतलेल्या वाइनने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, तीही कधीकधी रात्री झोपेत. घरच्यांना वाटतं, चढली आहे. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. महिलांनो, स्तनाच्या कर्करोगाचा धोका रोजच्या एका ड्रिंकनेही थोडा, पण निश्चित वाढतो.

आणि तपासणीला आलात की "कधीतरी वाइन घेतो" एवढंच सांगू नका. बाटलीवरचा टक्का, ग्लास किती मिलीचा आणि आठवड्यातून किती वेळा, हे तिन्ही सांगा. गोळीचा डोस ठरवताना मला तेच लागतं.